चार तासांचं काम

राजेश्वरी मुलखाची सरळ. शाळेत बाईंनी चुकून दोन गुण जास्त दिले, तर ही पोरगी ते परत करायला गेली होती. वर्गानं महिनाभर चिडवलं, पण स्वभाव काही बदलला नाही.

पुण्यातल्या कंपनीनं माणसं कमी केली, त्यात तीही गेली आणि लोहगडवाडीला आईकडे परतली. सॉफ्टवेअर लिहिण्याचा नऊ वर्षांचा अनुभव, पण मुलाखतीत तो विचारतंय कोण! समोर कुणी घड्याळ लावून कोड लिहायला सांगितलं की तिची बोटं गारठायची. अकरा ठिकाणी हेच झालं.

मग एका कंपनीनं घरीच करायला काम पाठवलं. गुरुवारपर्यंत पाठवा, चार तास पुरेत, किती वेळ लागला ते प्रामाणिकपणे लिहा. राजेश्वरीला हायसं वाटलं. ही नोकरी घरून करता येणार होती. हीसुद्धा गेली तर कोड लिहिणं सोडून आईच्या चुलीपुढे बसायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

रविवारी किल्ला चढणाऱ्यांची झुंबड होती. राजेश्वरी आत कामाला बसली आणि पिठलं-भाकरीची टपरी तिच्या आईनं, झुंबरबाईनं, एकटीनं ओढली. "तू हलू नगंस. मी हाय न्हवं!" ती लेकीला म्हणाली.

चार तास संपले तेव्हा दोन भाग झाले होते, तिसरा अर्धा. हात शिवशिवत होते, गुरुवार लांब होता. तरी ही थांबली. 'चार तास. तिसरा भाग अपुरा' असं लिहून तिनं काम पाठवून दिलं. आता या बाईला काय म्हणावं!

नकार आला. काम तपासणाऱ्या स्नेहलला तिनं फोन केला.

"बाकीच्यांचं चार तासांत पूर्ण झालं?"

"सगळ्यांनी चारच लिहिलेत." स्नेहलनं आवाज खाली आणला. "खरं सांगू? आम्ही करून पाहिलं, तर आम्हालाच तीन दिवस लागले."

"मग चार का लिहिता?"

"तीन दिवस लिहिलं तर करणार कोण, मॅडम?"

राजेश्वरीला संताप आला. तो काढायचा कुणावर, हेच कळेना.

चुलीपुढे बसायचं ठरवूनही तिच्यानं बसवेना. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीचं काम आलं, 'तीन तासांचं'. ती शुक्रवारी बसली ती सोमवारी संध्याकाळी उठली. सगळे भाग झाले. वेळेच्या रकान्यात तिनं 'तीन तास' लिहिलं आणि बाहेर आली.

"झालं का गं येळंत?" भाकरी थापता थापता झुंबरबाईनं विचारलं.

"व्हय आये. तीन तासांत झालं."

तोंडातून निघून गेलं. चार दिवस खोलीत चहाचा कप नेऊन देणारी आई समोर बसली होती. झुंबरबाईनं एकदा लेकीकडे पाहिलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

कंपनीचं उत्तर काही आलं नाही. झुंबरबाईनंही त्यानंतर लेकीला कामाचं कधी विचारलं नाही.