लाल खूण मागच्या भिंतीवर

हायवेवर दुकान असलं की किस्से शोधावे लागत नाहीत, धुळीसारखे आपणहून आत येतात. उल्हासनगर संपून अंबरनाथ सुरू होतं तिथे, बदलापूरला जाणाऱ्या स्टेट हायवेवर माझं टायरचं दुकान. शेजारी सिंधी लच्छूशेठचं पडद्यांचं, पलीकडे गजाननचं हार्डवेअरचं. दुपारच्या चहाला आम्ही तिघं माझ्याकडे. या रस्त्याने इतकं छळलंय की आता त्यावर हसणंच उरलंय.

*

रुंदीकरणाची मोजणी झाली तेव्हा माणसं भिंतींवर लाल खुणा करून गेली. खुणेपर्यंतचं दुकान जाणार. मध्ये दिवाळी आली. लच्छूशेठने सवयीने दुकान रंगवून काढलं, खुणेसकट. तोडायला आले तर खूण सापडेना, म्हणून परत टेप लावली. नवी खूण दोन फूट आत!

शेठ हात जोडून म्हणाला, "साईं, पुरानी वाली ही दे दो."

आता तो दर दिवाळीला खूण सोडून रंग देतो.

*

मग काँक्रीट आलं. जुन्या डांबरावरच ओतलं, त्यामुळे रस्ता वर आणि दुकानं खड्ड्यात. शेठने भराव घालून लादी उचलली, तर पंखा डोक्याला लागायला लागला. पंखा काढला. रस्ता आणखी वर चढला, शेठने लादी आणखी उचलली. आता उभं राहिलं की डोकं छताला टेकतं.

"खडा होना किसको है?" शेठ म्हणतो. "गिऱ्हाईकच नाय येत."

*

काँक्रीट वाळलं, नारळ फुटला, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाइपवाले खणायला हजर. गजानन भडकला, "अरे, काँक्रीट पडायच्या आधी का नाही खणलं?"

"तेव्हा रस्ता कुठे होता?" खणणारा म्हणाला.

*

या किश्शांवर सगळ्यात मोठ्याने हसतो गजानन, आणि सगळ्यात जास्त गेलंय त्याचंच. ही सगळी जागा त्याच्या वडिलांची, दामाबाबांची भातशेती होती. इथे बैलगाडीची वाट होती तेव्हा बाबांनीच बांध फोडून जागा दिली, गावात एसटी यावी म्हणून. डांबर पडलं, शेत अर्धं झालं. रस्ता चौपदरी झाला, शेत संपलं. उरलं ते हे दुकान.

यावेळची खूण त्याच्या मागच्या भिंतीवर केली.

"पुढच्या भिंतीवर का नाही केली?" गजाननने मोजणीवाल्याला विचारलं.

"ती तर जाणारच आहे."

त्या दुपारी चहा तसाच गार झाला.

*

नवा भात निघाला की दामाबाबा बांधावरच्या देवाला नैवेद्य दाखवतात. देव म्हणजे शेंदूर लावलेला दगड, तो कधीच रस्त्याखाली गेला. भातही आता बाजारातून येतो. तरी बाबा दरसाल रस्त्याच्या कडेला पान ठेवून जातात.

यंदा बाबा गजाननचं दुकान पाडायच्या आदल्या दिवशी आले. ट्रॅफिक नेहमीसारखं ठप्प. बाबा गाड्यांमधून वाट काढत मधल्या लेनमध्ये, देवाचा दगड होता त्या जागी गेले, पान ठेवलं आणि तिथेच मांडी घालून बसले. तेवढ्यात गाड्या सुटल्या, हॉर्न सुरू झाले. गजानन धावला, बाबांचा हात धरून ओढायला लागला. बाबा हलेनात.

एक टेम्पोवाला ओरडला, "ओ बाबा, रस्त्यात काय बसलाय?"

बाबांनी वर बघितलं. "रस्त्यान नाय रं. माझे शेतान बसलोय."

गजाननने त्यांचा हात सोडला आणि शेजारी बसला.