चौमूंच्या विहिरीवरचा पावटा

सलग दुसऱ्या जानेवारीत पाला पडला, म्हणजे दव गोठून बर्फ झालं, आणि माझ्या गच्चीवरचे पावट्याचे वेल एका रात्रीत काळे पडले. चूक माझीच. साताऱ्याकडच्या सवयीनं पावसाबरोबर पेरायचं, थंडीत शेंगा तोडायच्या. जयपूरची थंडी काय चीज आहे हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. आता घरात एक दाणा उरला नव्हता आणि मागवायला गावही उरलं नव्हतं, ते धरणाखाली गेलं होतं. बदल्यात मिळालेल्या नव्या माळावर काही रुजेल असं आईला वाटेना, म्हणून मी जयपूरला निघताना तिनं सगळं बी माझ्या ओटीत घातलं होतं. ‘तू तरी लाव,’ म्हणाली होती.

मग शेजारची केसर आठवली. दीड वर्षापूर्वी ती लग्न होऊन चौमूंला गेली, तेव्हा मी आपल्या पद्धतीनं तिची ओटी भरली होती, तांदळात मूठभर पावटे घालून. ओटीतलं धान्य शिजवून खायचं, असंही मीच तिला बजावलं होतं! हे विम्याच्या ऑफिसात निघता निघता म्हणाले, “केव्हाच आमटी झाली असेल त्यांची.” म्हटलं, झाली असली तर तसं ऐकून येईन.

चांदपोलहून बस मिळते. हिवाळ्यात सकाळची धरा आणि उजवीकडच्या खिडकीशी बसा, ऊन अंगावर येतं. सीकरचा रस्ता सरळसोट, पण उंटगाडा आडवा आला की बसही गाड्याच्याच चालीनं जाते. तासाभराच्या वाटेला दोन तास लागले. माझा जीव नुसता टांगणीला.

केसरचं सासर बाजारापासून चालत जाण्याजोगं. तिनं आधी जेवायला बसवलं. बाजरीची रोटी, कढी, लसणाची चटणी. शेवटी पावट्यांचं विचारलंच.

“आधे पकाए थे, भाभीजी,” ती म्हणाली. “आपकी दी हुई चीज़ थी, सारी कैसे खा जाते?”

विहिरीशेजारी, गोठ्याच्या भिंतीला धरून वेल चढला होता. वर फुलं, खाली वाळलेल्या शेंगा. वांग्यांवर घालतात तसा रात्री त्यावरही कडबा घालायचे. मी तिथंच रडले. केसरनं शेंगा सोलल्या, मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि माझ्या पदरात पावटे घातले. नारळ नव्हता, म्हणून गुळाचा खडा. काहीच विसरली नव्हती.

परतीच्या बसमध्ये पदराची गाठ मी एकदाही सोडली नाही. घरी आल्यावर निम्मे पावटे राखेत घालून ठेवले. आता माझाही वेल भिंतीलाच चढणार होता.

उरलेले घेऊन मे महिन्यात माहेरी गेले आणि आईची ओटी मी भरली. तिनं एक दाणा दातानं फोडून पाहिला. “साल जाड झालीय,” म्हणाली. मग पदर खोचला आणि त्या नव्या जागेत आल्यापासून पहिल्यांदाच बाबांकडे कुदळ मागितली.