हिरवी अक्षरं आणि आईचं बोलणं

टेंभुर्णीला बाबांची पिठाची गिरणी होती. तिच्या आवाजात उभं आयुष्य काढल्यावर त्यांचे कान गेले. कानात घालायचं यंत्र घेतलं, पण त्यातून त्यांना मुख्यतः पंखा ऐकू यायचा. ते त्यांनी डबीत ठेवून दिलं.

मी पुण्यात एका लहान कंपनीत आहे. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आम्ही चष्मा बनवत होतो. समोरचा बोलला की फोन ते शब्द ओळखायचा आणि अक्षरं काचेवर उमटायची. त्यासाठी कुठला डिस्प्ले घ्यायचा, हे ठरवणं माझं काम. निवडता निवडता दोन उरले. एक रंगीत, देखणा, पण उन्हात पुसट होणारा. दुसऱ्यात नुसती हिरवी अक्षरं; ती भर दुपारीही वाचता यायची आणि बॅटरीही कमी लागायची. त्याचा दोष एवढाच, की थोडा उजेड काचेतून बाहेर सांडायचा आणि समोरच्याला हिरवी चमक दिसायची. दोन्ही नमुने घेऊन मी गावी गेले.

आधी बाबांना रंगीत चष्मा दिला. ते खाटेवर बसले. आई शेजारी तूर पाखडत होती. बाबांना ऐकू येत नाही म्हणून ती त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल मोकळेपणानं बोलायची. त्या दिवशीही तिचं चालूच होतं.

"व्याह्यांकडं जेवायला गेल्तो, तर ह्यांनी चौथी पोळी मागितली. लाज न्हाई बिलकुल."

"तिसरी होती," बाबा म्हणाले.

आईचं सूप थांबलं. थोड्या वेळानं ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"हे कव्हापासून वाचून राह्यले?"

"सकाळपासून."

"सकाळी मी ह्यांच्या बहिणीबद्दल बोलले का?"

"बोललीस."

तिनं चहा ठेवला आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणात रंगीत चष्मा उपयोगाचा राहिला नाही. लांबून येणारी एसटी पाहावी तसा बाबांनी कपाळावर हात धरला, तरी अक्षरं दिसेनात. मी हिरवा दिला. तो त्यांना स्पष्ट वाचता आला. आई समोर जात्याच्या ओट्यावर, सावलीत बसली होती.

"ह्यांच्या डोळ्यापुढं काय चमकून राह्यलं?"

"तुझं बोलणं. थोडा उजेड बाहेर येतो. दोष आहे तो."

ती 'चहा' म्हणाली. काच चमकली. मग तिनं आत्याचं नाव घेतलं. काच पुन्हा चमकली.

"ह्यात दोष कशाचा?" ती म्हणाली. "माणूस आपलं ऐकून राह्यला का न्हाई, ते बराबर कळतं. हाच घे."

बाबांनी हे वाचलं. "पहिलाच चांगला. आपण ऐकून राह्यलो, हे लोकायला कशाला कळायला पाहिजे?"

"लोकायला न्हाई, मला."

"तुला कशाला?"

दोघं चांगलेच भांडले. मी मध्ये पडले नाही. आईला त्यांच्याशी बोलायचं तर कानाशी ओरडावं लागायचं, आणि ओरडून फक्त कामाचं बोललं जायचं. त्यांचं भांडण मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते.

शेवटी बाबा म्हणाले, "तू एवढं बोलतीस. मला वाटलं, तू बोलायचंच सोडलं."

काच चमकली नाही. मी गिरणीकडे जाऊन आले.

कंपनीत मी हिरव्याची शिफारस केली. उन्हात वाचता येतो आणि बॅटरी टिकते, अशी कारणं लिहिली. सांडणाऱ्या उजेडाबद्दल, 'काहींना चालतो' असं लिहिलं. साहेबांनी विचारलं, काहींना म्हणजे किती जणांना? मी म्हटलं, एकीला. त्यांनी ते वाक्य काढून टाकलं आणि हिरवा मंजूर केला.

नमुना बाबांकडेच राहिला. एक अडचण मात्र आहे. फोनला आमच्याकडची बोली पुरती कळत नाही. आई 'मंग' म्हणाली की काचेवर 'माग' उमटतं आणि बाबा तिला काय मागू म्हणून विचारतात. म्हणून आई आता त्यांच्याशी बातम्या सांगणाऱ्या बाईसारखं बोलते. "आपल्याला चहा हवा आहे का?" असं विचारते.

बाबा म्हणतात, "पाहिजे."