दोन स्वेटर घालणारी माझी पुतणी

माझ्या पुतणीने मला भर बाजारात फसवलं. मी तिचा सख्खा काका, आणि तिने शाळेतल्या तीन मैत्रिणींसमोर मला अनोळखी दुकानदार ठरवून माझ्याच कापडाचा भाव पाडला. लूमवर बॉबिना भरण्यापासून सुरुवात करून उधन्यात कटपीसचं दुकान टाकलेल्या माणसाला आजवर एकाही व्यापाऱ्याने असं बनवलं नव्हतं. आणि तरीही सांगतो, आम्हा खानदेशी लोकांच्या अख्ख्या लिंबायत वस्तीत तिच्याइतकी विचित्र आणि तिच्याइतकी खरी पोरगी दुसरी झाली नाही.

सुरतेत स्वेटर ही गावाकडे जाताना पेटीतून काढायची वस्तू. ही पंधरा वर्षांची पोर मे महिन्यात एकावर एक दोन स्वेटर घालून बसायची. दोष केबलवाल्याचा. तो दुपारी आपल्या चॅनलवर कुठून तरी आणलेल्या कॅसेटी लावायचा, त्यात हिंदी बोलणारी एक जपानी चित्रमालिका होती. तिच्यातल्या मुलीचे डोळे बशीएवढे आणि पाठीला पंख. शाळेत पंख दिसले तर पोरी हसतील म्हणून ती चित्रातली मुलगी दोन स्वेटर घालायची. आणि घरी तिच्या कुळातली माणसं म्हणायची, तुला आमच्यासारखं उडता येत नाही, तू आमची नव्हेस. आमच्या पोरीने हे इतकं मनावर घेतलं की पाठीवर घामोळ्या उठल्या तरी स्वेटर उतरेना. तिची आई, माझी भावजय, ओरडायची, "हाई काय याड लागनं वं तुले? उकाडामा मरशी ना!" एकदा मी माल पारखावा तसं तिला म्हणालो, "पंख कुठायत, दाखव बरं." ती म्हणाली, "दाखवायचे असते तर लपवले कशाला असते, काका?" माल न बघताच मी सौदा सोडला. माझ्या धंद्यात हे फार कमी वेळा होतं.

तागे संपले की आतले पुठ्ठे मी तिला द्यायचो. त्यांवर ती त्या जपानी मुलीचा चेहरा काढायची, पण अर्धाच. एक बशीएवढा डोळा, अर्धं नाक, अर्धं तोंड. "उरलेला अर्धा?" मी विचारायचो. "तो अजून ठरला नाही," असं ती इतक्या गंभीरपणे सांगायची की जणू त्या अर्ध्या चेहऱ्याची फाईल एखाद्या कचेरीत अडकली आहे. घरात अहिराणी, शाळेत गुजराती, टीव्हीसमोर हिंदी; आरशासमोर उभी राहून ती तिन्ही भाषांत स्वतःचं नाव सांगून बघायची आणि कुठलंच पसंत न पडून निघून जायची. शाळा सुटल्यावर मैत्रिणींना आपली गल्ली कळू नये म्हणून दोन चौक पुढे जायची आणि मग उलटी फिरायची. गुजराती शाळेत घालायचा हट्ट माझाच होता. म्हटलं, या शहरात राहायचं तर इथलीच भाषा पोटाला घालते. ती भाषा आपल्यावरच चालून येईल हे मला काय ठाऊक!

तर ती दुकानात आली, मैत्रिणींसह. मी "ये गं" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "भाई, आ केटलानुं मीटर?" भाई! मी तिचा चेहरा पाहिला. डोळ्यांत अशी विनवणी होती की माझ्या तोंडून निघालं, "भाव तो एक ज छे, बेन." मग तिने घासाघीस केली, माझ्याकडूनच शिकलेली: नाक मुरडलं, कापड उजेडात धरलं, दोन पावलं बाहेरही गेली. मी भाव उतरवला. मैत्रिणी खूश झाल्या. त्या गेल्यावर मी मापाची पट्टी भिंतीवर आपटली. तिच्या बापाला, माझ्या मधल्या भावाला, काही सांगितलं नाही, पण दोन महिने तिच्याशी बोललो नाही.

श्रावणात आमच्याकडे खानदेशची देवी कानबाई बसते. आदल्या दिवशी रोटाचे, म्हणजे कुळातल्यांनीच खायच्या देवीच्या प्रसादाचे, गहू मोजायचे, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. नुकत्याच जन्मलेल्या पोराचीही मूठ पडते. बायकापोरींची पडत नाही. घरात थोरला मी, म्हणून सूप माझ्यापुढे. आई नावं घेत होती, मी मुठी टाकत होतो. धाकट्या भावाच्या सहा महिन्यांच्या पोराची मूठ पडली आणि पुतणी पुढे आली. अंगात एकही स्वेटर नव्हता.

"काका, माझी टाका."

"बाजारात मी तुझा कोण होतो?" मी गरजलो. मनात साठलेलं सगळं मी घरभर ओतलं. भावजयीने कपाळाला हात लावला. पोर मात्र रडली नाही.

"तिथे मी चुकले," ती म्हणाली. "त्या पोरी लिंबायतला हसतात, म्हणून घाबरले. तिथे मी म्हटलं, मी तुमची कोणी नाही. इथे दर श्रावणात तुम्ही मोजता आणि तेच म्हणता. मग मी कोणाची, काका?" मी पुढची मूठ भरली. तेवढ्यात तिने सौदा मांडला. "गिऱ्हाईक परत यावं म्हणून तुम्ही मीटरमागे चार बोटं जास्त सोडता ना? मला एक मूठ सोडा. सव्वा नको, नुसती एक."

माझी मूठ भरलेली होती. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "आपली रीत नही शे." मी मूठ सुपात न टाकता परत गव्हाच्या पोत्यावर नेऊन उघडली. गहू गव्हांत पडले. त्याचा आवाजसुद्धा फारसा झाला नाही.

त्यानंतर तिने स्वेटर घातले नाहीत. आम्हाला वाटलं, पोर सुधारली. मी दिलेले पुठ्ठे कोरेच राहू लागले, याकडे कोणी लक्ष दिलं नाही. केबलवाल्याच्या कॅसेटीही केव्हाच बदलल्या होत्या. त्या जपानी मुलीचं पुढे काय झालं, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. अठराव्या वर्षी तिचं लग्न झालं, धुळ्याकडे गेली.

त्याच श्रावणात मी सुपात एक मूठ जास्त टाकली. आईने नावं थांबवली. "हाई मूठ कोनी शे?"

"तिची."

आईने सुपातले गहू हाताने सारखे केले. मग हळू आवाजात म्हणाली, "ती ते आते परकी व्हयनी रे. तिले आपला रोट चालत नही."

मला ते ठाऊक होतं. रोट भाजला, कुळातच वाटला, तिच्या वाट्याचा आम्हीच खाल्ला. लग्नाआधी ती परक्या घरी जाणार म्हणून मोजायची नाही, लग्नानंतर ती गेली म्हणून मोजायची नाही. मग अठरा वर्षं आमच्या घरात जी राहिली ती कोण होती? हात माझा होता, हे मी कबूल करतो. पण माप माझं नव्हतं. भाऊबंदांनो, आई, आणि कानबाई, तूही बाईच ना? हे माप कोणी ठरवलं? एकाने तरी उभं राहून मला सांगा.