लाडाची शुगर

“पेशंट हे आहेत मॅडम, मी तर फक्त घेऊन आलो,” असं म्हणत भास्करराव पेशंटच्याच खुर्चीत बसले. बडा फुहारा चौकाजवळचं माझं क्लिनिक वरच्या मजल्यावर आहे आणि जिना चढून त्यांना धाप लागली होती. खरे पेशंट, म्हणजे त्यांचे साडू मुकुंदराव, अंगाने अगदी काटकुळे. ते निवांत मागे उभे होते.

दोघंही फॅक्टरीतून रिटायर झालेले, दोघांनाही मधुमेह. पण घरात धास्ती एकट्या मुकुंदरावांची, कारण ते इन्सुलिन घेतात. सुई म्हणजे मोठी शुगर, गोळी म्हणजे छोटी, असा आमच्याकडे पक्का समज आहे. शुगरवाल्यांना हार्टचा धोका असतो हे मुकुंदरावांच्या पत्नीने कुठेतरी ऐकलं आणि धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला हुकूम सोडला: ह्यांचा ईसीजी काढल्याशिवाय परत यायचं नाही.

“ह्यांची शुगर असते तरी कोणती?” भास्कररावांनी विचारलं.

“लाडा म्हणतात तिला.”

“अच्छा, लाडाची! तरीच घरात सगळे लाड ह्यांचेच होऊन राहिले. आमची आपली साधी, गोळीवाली. कोणी विचारत नाही.”

मला हसू आवरेना. लाडा हे इंग्रजी आद्याक्षरांचं नाव, लाडाशी त्याचा काही संबंध नाही. मोठेपणी होणाऱ्या या मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मारते. भास्कररावांचा टाइप टू. त्यात इन्सुलिन बनतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. हा पाहुणा सहसा एकटा येत नाही; बीपी, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर अशी सगळी वरात घेऊन येतो. हृदयाला धोका दोन्हींत आहे. पण तो सुई की गोळी यावरून ठरत नाही. साखर किती वर्षं आणि कशी राहिली, सोबत वरात केवढी आहे, यावरून ठरतो. भास्कररावांची वरात बँडबाजासकट होती.

“दम कधीपासून लागतो?” मी त्यांना विचारलं.

“मला? गॅस आहे तो. जेवून चाललो की छाती गच्च होते. थोडं थांबलो, ढेकर आली, की खलास.”

माझं हसू गेलं. जुन्या मधुमेहात नसा बोथट होतात. मग हृदयाचं दुखणं पुष्कळदा दुखतच नाही. धाप होऊन येतं, गॅस होऊन येतं.

“आधी तुमचा ईसीजी काढू.”

“माझा काहून? पेशंट हे आहेत!”

मी समजावलं, मग दरडावलं. गडी ढिम्म. तोवर मुकुंदराव शर्ट काढून टेबलावर आडवे झाले होते. ते उठले आणि शर्ट घालायला लागले.

“हे काय करून राहिले?” भास्करराव दचकले.

“तू नाही काढत, तर मी पण नाही काढत. चलो घरी. तुझ्या ताईला जवाब तू दे.”

हार्ट अटॅकला न घाबरणारा माणूस मेहुणीच्या नावाने मुकाट आडवा झाला.

ईसीजी वाईट होता. दुपारीच त्यांना हार्टच्या हॉस्पिटलमध्ये हलवलं. मोठी रक्तवाहिनी जवळपास बंद झाली होती, स्टेंट टाकला. मुकुंदरावांचा ईसीजी ठीक निघाला, पण त्यांनाही मी सूट दिली नाही, पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. संध्याकाळी मी हॉस्पिटलमध्ये गेले, तर ते बाहेरच्या बाकावर रुमाल तोंडाला लावून रडत होते.

“मी याला घेऊन चाललो असतो ना, तर हा आलाच नसता मॅडम,” ते म्हणाले. “हा मला घेऊन आला म्हणून वाचला.”

खरंच होतं ते. पेशंट कोण आणि सोबत आलेला कोण, हे घरचे ठरवतात, हृदय ठरवत नाही. तेव्हापासून सोबत आलेल्यालाही मी बीपी मोजायला बसवते, शुगर आहे का, दम लागतो का, विचारते. काही जण रागावतात. रागावू देत. रागवायला माणूस जिवंत तर पाहिजे.