कुठला काल?

कलकत्त्याला बदली होऊन आलो आणि पहिलं भांडण धोब्याशी झालं. ‘कपडे कधी?’ विचारलं तर म्हणाला, ‘काल.’ अरे, काल दिलेस तर घरात कसे नाहीत? बराच तमाशा झाल्यावर कळलं, बंगालीत होऊन गेलेला दिवसही काल आणि येणाराही काल.

माझे वडील गवंडी. घरात पदवी घेतलेला मी पहिला, तीही मराठी विषय घेऊन. ‘मराठी बोलतोच की आपण, त्यात शिकायचं काय?’ वडील म्हणत. तरी कस्टम्समध्ये लागलो, हे मी छाती काढून सांगत असे.

त्या काळी अफूची चोरटी ने-आण रोखायला आमचं खातं, राज्याचं अबकारी खातं आणि रेल्वे पोलीस दर महिन्याला एकत्र बसत. बसत म्हणजे एकमेकांवर डोळा ठेवत. खबर बोलून दाखवली तर श्रेय दुसरा नेईल, ही धास्ती.

अशाच एका बैठकीत अबकारीचे वयस्क बंगाली अधिकारी म्हणाले, ‘आज एक खबर आली, पण उशिरा. पानाच्या टोपल्यांत अफू, सियालदह स्टेशनला. गेली ती.’

बैठक चालवणारे आमचे साहेब पुढच्या विषयाकडे वळले. मला बसवेना. ‘खबऱ्या नेमकं काय म्हणाला?’

‘काल, सकाळची पानाची गाडी. एवढं बोलून पळाला.’

‘काल म्हणजे कुठला काल?’

सगळे हसले. अबकारीचे अधिकारी बंगालीतलं ‘महाशय’ लावून म्हणाले, ‘मोशाय, वर्ष झालं, अजून काल कळत नाही?’

‘मला कळत नाही म्हणून तर विचारतोय. तुम्हाला कसा कळला?’

तोवर तोंड न उघडलेला रेल्वेचा इन्स्पेक्टर म्हणाला, ‘ती गाडी काल इंजिन बिघडून रद्द झाली. सियालदहला आलीच नाही.’

हे त्याने आधी का नाही सांगितलं? कुणी विचारलंच नव्हतं. म्हणजे खबऱ्याचा ‘काल’ उद्याचा, माल उद्या येणार. मग मात्र भराभर ठरलं. माल उतरवून घेणारा माणूस अबकारीला ठाऊक होता, फाटकं रेल्वे सांभाळणार, जीप आमची.

सकाळी फलाटावर माझा पाय एका जागी ठरेना. गाडीला उशीर. माझा काल चुकला तर जन्मभर हसतील. अबकारीचे मोशाय शेजारी पान चघळत म्हणाले, ‘नाही आली तर परवा येऊ. परवाही आमच्याकडे दोन असतात!’

गाडी आली. गर्दी उसळली, टोपल्या उतरल्या. तिसऱ्या टोपलीत ओल्या पानांखाली हात घातला आणि मेणकापडाचं गाठोडं हाताला लागलं. घेणारा पळाला, पण फाटक बंद होतं.

मोशायांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ‘कुठल्या विषयात बी.ए.?’

‘मराठी,’ म्हटलं. जरा मोठ्यानेच.