बू कार्सिनाचं बूच

पाक गिमिनच्या हाताखालून गेलेलं इंजिन पुन्हा तेल गाळत नाही, हे डोंगरउतारावरच्या चारही गावांना ठाऊक होतं. (तिकडे मानाने पुरुषाला 'पाक' म्हणतात, बाईला 'बू'.) सर्वांत जास्त ते गिमिनला स्वतःला ठाऊक होतं. म्हणून तर काढेवाल्या बू कार्सिनाची जुनी मोटारसायकल दुसऱ्यांदा दुरुस्तीला आली, तेव्हा गॅरेजसमोरच्या कॉफीच्या टपरीवर भर लोकांत तो बोलून बसला होता, "आता पुन्हा ठिबकली, तर गॅरेजच्या दारावरची पाटी उतरवीन!"

आज ती तिसऱ्यांदा आली. मागच्या पेटीत काढ्याच्या बाटल्या किणकिणत होत्या, आणि इंजिनाखाली काळा थेंब लोंबत होता.

"शिडी आणू का, पाक?" बू कार्सिनाने उतरता उतरता विचारलं.

"कशाला?"

"पाटी उंचावर आहे ना!"

गिमिन वाकून थेंब कुठून येतोय ते बघू लागला. पहिल्या खेपेला तेल हेडखालून येत होतं. त्याने तिथलं गास्केट, सांध्यातली तेल अडवणारी पट्टी, बदललं. दुसऱ्या खेपेला क्लचच्या झाकणातून, तिथलंही बदललं. आता गिअरच्या दांड्याजवळून. एका बिळात काठी घालावी आणि उंदराने दुसऱ्यातून तोंड काढावं, तसं चाललं होतं.

त्याने रॉकेलने इंजिन घासून लख्ख केलं, उन्हात वाळू दिलं. मग बायकोच्या डब्यातलं तांदळाचं पीठ आणून हलक्या हाताने सगळीकडे भुरभुरलं.

"अगं बाई! हिचं लग्न काढलंत की काय?"

"पीठ खोटं बोलत नाही, बू. तेल जिथून निघेल, तिथे आधी तेच भिजेल. बसा जरा."

गाडी सुरू करून तो उकिडवा बसला. पलीकडच्या भातखाचरात बगळे एका पायावर उभे होते; गिमिनही तितकाच निश्चल.

पीठ भिजलं. पण एका जागी नाही, तिन्ही जागी एकदम. नवी गास्केटंसुद्धा पाझरत होती.

"पोट फुगलंय हिचं," तो पुटपुटला. "आतली हवा कोंडलीय. मिळेल त्या फटीतून तेल ढकलतेय."

इंजिनाची वाफ बाहेर सोडणाऱ्या बारीक रबरी नळीकडे दोन्ही खेपांना त्याने पाहिलंच नव्हतं. आता बोटाने चाचपत तो तिच्या टोकापर्यंत गेला. टोकात केळीच्या वाळक्या पानाची घट्ट सुरळी बसवलेली. काढ्याच्या बाटलीला मारतात, तश्शी.

"हे कुणी केलं?"

"मीच की! मेली ती नळी माझ्या नेसत्या नव्या सारोंगवर ठिबकायची. उघडं तोंड दिसलं की बूच मारायचं, आईची शिकवण आहे आमच्या."

गिमिनने सुरळी उपसली. फुस्स! इंजिनाने जणू महिन्याभराचा सुस्कारा सोडला. त्याने पुसून पुन्हा पीठ भुरभुरलं, पुन्हा गाडी सुरू केली. पीठ पांढरं ते पांढरंच राहिलं.

"म्हणजे चूक माझीच," बू कार्सिना ओशाळली.

"निम्मी. निम्मी माझी. नळी सोडून मी भुई धोपटत बसलो."

त्याने लांब नळी जोडून तिचं तोंड सारोंगपासून दूर, मागे वळवलं. बू कार्सिनाने सगळ्यांत कडू बाटली उघडली. "निम्म्या चुकीचा निम्मा पेला. प्या!"

गिमिनने तोंड वेडंवाकडं करत तो रिचवला, आणि खरोखरच शिडी आणली. टपरीवरचे लोक कॉफी विसरून माना वर करून बघू लागले. गिमिन सावकाश चढला, खांद्यावरच्या फडक्याने पाटी पुसली, आणि खाली उतरला.